सेनानीचं चरित्र लिहिताना: विशेषणाआधी तारीख

यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान ज्या रस्त्यावर आहे, त्याचं नाव जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग. मंत्रालयात येणारी-जाणारी माणसं रोज ती पाटी ओलांडतात. भोसले सावंतवाडीकडचे. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात अधिकारी, सिंगापूर पडल्यावर आझाद हिंद सेनेत, स्वातंत्र्यानंतर लोकसभेत आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री. एवढ्या आयुष्यावर नीट, तपासून लिहिलेला मराठी लेख शोधायला गेलात तर किती कमी हाती लागतं ते कळेल. अशी माणसं आपल्याकडे बरीच आहेत. त्यांच्यावर लिहायची इच्छा असलेले तरुणही आहेत. अडतं ते पद्धतीपाशी.

हा लेख पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी आहे. डोळ्यांपुढे दिवाळी अंकातला साधारण ३,००० शब्दांचा चरित्रलेख ठेवला आहे. पुस्तक करायचं असलं तरी सुरुवात इथूनच करा. हाताशी सहा आठवडे धरा: चार जमवाजमवीचे, एक लिहिण्याचा, एक तपासणीचा. जमवायचा वेळ कापून लिहिण्याला दिला की लेख लांबतो आणि आतून पोकळ राहतो.

माणूस निवडताना

पहिल्याच लेखाला माणेकशॉ घेऊ नका. त्यांच्याबद्दलच्या आठवणी आणि त्यांच्या तोंडी घातलेली वाक्यं इतकी पसरली आहेत की खरं-खोटं निवडण्यातच वर्ष जाईल. ज्याच्यावर थोडं लिहिलं गेलंय पण ज्याच्या नोंदी आहेत, असा माणूस निवडा. तीन गोष्टी आधी पडताळून पाहा. सेवेच्या तारखा छापील स्वरूपात कुठेतरी मिळतात का? कुटुंबातलं किंवा पलटणीतलं बोलायला कोणी आहे का? आणि त्याच घटनेकडे वेगळ्या बाजूने पाहणारा, शक्य तर प्रतिपक्षाचा, एखादा वृत्तान्त आहे का? तिन्हींपैकी दोन तरी जमली तर पुढे जा. एकच असेल तर दुसरा माणूस शोधा.

मग स्वतःसाठी एक प्रश्न कागदावर लिहा. ‘जनरल अरुणकुमार वैद्य यांचं जीवनकार्य’ हा प्रश्न नव्हे. ‘१९६५ मध्ये जुने शर्मन रणगाडे घेऊन लढलेला हा अधिकारी १९७१ मध्ये आख्खी चिलखती (रणगाड्यांची) ब्रिगेड कशी चालवतो?’ हा प्रश्न आहे. काय वाचायचं आणि काय सोडायचं हे मग तोच ठरवतो.

तारखांची वही

सगळ्या कामाचा कणा हाच आहे. एक वही घ्या किंवा एक्सेल उघडा आणि सात रकाने करा: दिनांक, ठिकाण, त्या दिवशीचा हुद्दा, पलटण किंवा पद, काय घडलं, कुठून कळलं (पान क्रमांकासह), आणि खात्री. खात्रीच्या रकान्यात तीनच शब्द चालतात: पक्की, कच्ची, ऐकीव. दोन वेगवेगळ्या मुळांतून आलेली नोंदच पक्की. तीन पुस्तकांनी एकमेकांवरून उतरवलेली तारीख एकाच मुळाची धरायची.

जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य यांची वही सुरुवातीला अशी दिसेल:

२७ जानेवारी १९२६: अलिबाग, जन्म.
सप्टेंबर १९६५, ८ ते १०: खेमकरण भाग, असल उत्तर. लेफ्टनंट कर्नल, डेक्कन हॉर्स या रणगाडा पलटणीचे कमांडिंग ऑफिसर. महावीर चक्र.
डिसेंबर १९७१: शकरगड भाग, बसंतरची लढाई. ब्रिगेडियर, १६ स्वतंत्र चिलखती ब्रिगेड. दुसऱ्यांदा महावीर चक्र.
१ ऑगस्ट १९८३ ते ३१ जानेवारी १९८६: लष्करप्रमुख.
१० ऑगस्ट १९८६: पुणे, हत्या.

पाच ओळींत मोठं आयुष्य आलं, पण मधल्या मोकळ्या जागा बघा. १९४५ च्या सुमाराला सैन्यात आलेला तरुण १९६५ पर्यंत काय करत होता? ती वीस वर्षं वहीत रिकामी आहेत. चरित्र नेमकं तिथेच घडतं: प्रशिक्षणसंस्थेतली शिकवणी, मुख्यालयातली टेबलावरची कामं, रणगाड्यांच्या सरावातली उन्हातली वर्षं. वही नसती तर ही पोकळी दिसलीच नसती आणि लेख जन्मावरून थेट रणांगणावर उडी मारून गेला असता.

एक्सेल वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख त्याला तारीख म्हणून कळत नाही. पेशवाईतल्या किंवा एकोणिसाव्या शतकातल्या माणसावर काम असेल तर वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने करा, नाहीतर क्रम लावताना सगळं विस्कटतं.

ठिकाणांचंही तसंच. १९८१ पूर्वीच्या कागदात ‘कुलाबा’ दिसलं की मुंबईकर वाचणारा हमखास फसतो. आजच्या रायगड जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं आणि अलिबाग त्याचं मुख्य ठिकाण. ‘जन्म कुलाबा’ म्हणजे अफगाण चर्चजवळचा कुलाबा नव्हे.

हुद्दा आणि पलटण

सर्वांत जास्त चुका इथे होतात. साधी गोष्ट: मेजर हा लेफ्टनंटच्या वर, पण लेफ्टनंट जनरल हा मेजर जनरलच्या वर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, घटनेच्या दिवशी जो हुद्दा होता तोच लिहायचा. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत ‘जनरल थोरात’ नव्हते. शंकरराव थोरात तेव्हा लेफ्टनंट कर्नल होते आणि २/२ पंजाब (दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण) त्यांच्याकडे होती. त्याच ब्रिगेडमधल्या इतर दोन पलटणी थिमय्या आणि एल. पी. सेन यांच्याकडे होत्या, आणि तिघांनाही डीएसओ हा ब्रिटिश युद्धसन्मान मिळाला. आझाद हिंदच्या बाबतीत तर दोन सैन्यांचे हुद्दे एकाच माणसाच्या नावामागे येतात. २१ ऑक्टोबर १९४३ च्या हंगामी सरकारच्या यादीत भोसले लेफ्टनंट कर्नल आहेत, पुढे ते मेजर जनरल म्हणून ओळखले जातात. दोन्ही बरोबर, फक्त तारीख वेगळी. शिवाय युद्धकाळात कार्यकारी, तात्पुरता आणि कायम असे हुद्द्याचे प्रकार असत. ब्रिगेडियर म्हणून ब्रिगेड सांभाळणारा अधिकारी कायम हुद्द्याने मेजरच असू शकतो. जुन्या छापील आर्मी लिस्टमध्ये हे प्रकार वेगळे दिलेले असतात, तिथून उतरवून घ्या.

पलटणींची नावं बदलत गेली. कांगॉची २/२ पंजाब १९४९ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये गेली आणि १ गार्ड्स झाली, त्यामुळे नंतरच्या यादीत जुन्या नावाने शोधाल तर सापडणार नाही. मराठ्यांच्या बाबतीत १९२२ ची फेररचना ध्यानात ठेवा: १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री ही ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण झाली, १०५ वी दुसरी. लोक त्यांना जंगी पलटण आणि काळी पाचवी म्हणतात. आजोबांच्या पेन्शनच्या कागदावर ‘१०५’ आणि नातवाच्या बोलण्यात ‘काळी पाचवी’ आलं तर ती दोन वेगळी माणसं समजू नका.

पदांची नावंही काळाप्रमाणे. १ एप्रिल १९५५ पूर्वी भारतीय लष्कराचा प्रमुख ‘कमांडर-इन-चीफ’ असे. १९४९ मधल्या करिअप्पांना ‘कमांडर-इन-चीफ’ लिहा.

मुंबईत कुठे काय बघायचं

सुरुवात दादर पूर्वेला, नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागातून करा. छापील पुस्तकं, जुनी मासिकं आणि दिवाळी अंक आधी. याच टप्प्यावर वहीतल्या साठ-सत्तर टक्के कच्च्या नोंदी भरतात. मग हॉर्निमन सर्कलच्या टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. इंग्रजी छापील साधनं, पलटणींचे इतिहास आणि जुनी वृत्तपत्रं यांसाठी ती मोलाची आहे. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार शेवटी ठेवा. तिथे मुंबई सरकारच्या जुन्या खात्यांच्या रोजनिशा आणि फायली आहेत. नेमकं काय मागायचं हे माहीत नसताना गेलात तर दिवस सूचीतच जातो. जाण्याआधी वेळ आणि नियम विचारून घ्या, ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज सोबत ठेवा, आणि टिपणासाठी पेन्सिल न्या. फायलीचा क्रमांक, खंड, वर्ष आणि पान हे टिपणाच्या डोक्यावर आधी लिहा, मजकूर नंतर. घरी आल्यावर क्रमांक नसलेलं टिपण निरुपयोगी ठरतं.

वृत्तपत्रं बघताना फक्त घटनेच्या दिवसाचा अंक काढू नका. युद्धाची बातमी एक-दोन दिवसांनी, तीही सरकारी सूत्रांच्या भाषेत येते. दहा दिवस पुढचे अंक बघा, आणि पदक जाहीर झालं त्या सुमाराचे पुन्हा बघा. गावाकडे झालेल्या सत्काराची बातमी सहसा कोणी शोधत नाही, आणि वडिलांचं नाव, शाळा, भावंडं हे सगळं तिच्यातच सापडतं. लोकसत्ता १४ जानेवारी १९४८ पासून आणि महाराष्ट्र टाइम्स १८ जून १९६२ पासून आहे. १९६२, १९६५ आणि १९७१ साठी लोकसत्ता पूर्ण कालखंड देतो.

पदकाचं प्रशस्तिपत्र मात्र वृत्तपत्रावरून उतरवू नका. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपदकांच्या संकेतस्थळावर आणि भारताच्या राजपत्रात मूळ मजकूर असतो. तोही एक सरकारी कागद आहे, शिफारस करताना लिहिलेला. दिवस आणि जागा त्यातून घ्या, वाक्यरचना घेऊ नका.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर घरबसल्या शोध घेता येतो. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. वीस वर्षांहून जुनी माहिती कायद्याच्या कलम ८(३) मुळे बरीचशी मोकळी होते, पण सुरक्षेशी संबंधित ८(१)(अ) तेव्हाही आड येऊ शकतं. म्हणून ‘युद्धाची सर्व माहिती द्या’ असं मागू नका. एक पद, एक काळ, एक कागद असं मागा.

जुना कागद असेल तर

पेशवाईतला सेनानी घेतलात तर तारीख काढणं हेच मोठं काम. पानिपताचं उदाहरण घेऊ. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवायचे. इथे पौष जानेवारीत येतो, म्हणून १६८२ अधिक ७९ बरोबर १७६१. आता सुहूर सन, म्हणजे पेशवाईतल्या कागदांतली अरबी अंकशब्दांची कालगणना: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, एकूण ११६१. सुहूर सन मृगाला बदलतो, मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ११६१ अधिक ६०० म्हणजे पुन्हा १७६१. शेवटी वार ताडून बघा: १४ जानेवारी १७६१ ला बुधवारच येतो. शक, सुहूर आणि वार तिन्ही जुळले की नोंद पक्की. वार जुळला नाही तर कुठेतरी वाचनात चूक आहे, बहुधा शुद्ध-वद्य यांत.

दुसरा सापळा इंग्रजी तारखेतला. इंग्रज सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनं (ज्युलियन) पंचांग वापरत, पोर्तुगीज मात्र १५८२ पासून नवं (ग्रेगोरियन). अठराव्या शतकात दोन्हींत ११ दिवसांचं अंतर. वसईच्या शरणागतीची तारीख कुठे ५ मे १७३९ तर कुठे १६ मे दिसते ती यामुळे. दोन्ही एकाच दिवसाच्या आहेत. पहिल्या बाजीरावाचं निधन वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १६६२ चं. सर्वत्र छापली जाणारी २८ एप्रिल १७४० ही जुन्या पद्धतीची तारीख आहे, नव्या पद्धतीने तो दिवस ९ मे येतो. लेखात कुठलीही एक पद्धत घ्या, पण पहिल्याच वापरात ती सांगा आणि शेवटपर्यंत पाळा. मुंबईकर इंग्रजांच्या जुन्या कागदात आणखी एक अडचण येते: त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे फेब्रुवारी १७३८ लिहिलेलं पत्र आपल्या हिशेबाने १७३९ चं असतं.

मुलाखत

निवृत्त अधिकाऱ्यांना ‘सर’, सुभेदार-सुभेदार मेजरना ‘साहेब’, घरातल्या वडीलधाऱ्यांना काका-काकू. पहिल्या भेटीत यंत्र बाहेर काढू नका, परवानगी विचारा आणि ‘हो’ हा शब्दही ध्वनिमुद्रणात येऊ द्या. एका बैठकीला ६० ते ९० मिनिटं पुरे. त्यानंतर थकलेलं माणूस आधी वाचलेलं सांगू लागतं.

‘साहेब कसे होते?’ असं विचारलं की ‘देवमाणूस’ हे उत्तर येतं आणि तिथेच थांबतं. त्याऐवजी विचारा: सकाळी पहिली भेट कोणाची घ्यायचे? चुकलेल्या जवानाला काय शिक्षा द्यायचे? नकाशावर खुणा स्वतः करायचे की करवून घ्यायचे? पत्र हाताने लिहायचे का, कुठल्या भाषेत? अशा प्रश्नांना खोटं उत्तर द्यायला अवघड जातं. तारखा आठवणीवर घेऊ नका. ‘तेव्हा पाऊस होता का, पीक केवढं होतं, धाकटी मुलगी कितवीत होती’ यावरून महिना काढता येतो. साताऱ्याकडच्या अपशिंग्यासारख्या गावांत घरोघरी फौजी आहेत, तिथे एकाच प्रसंगाबद्दल दोघांना वेगवेगळं बसवून विचारा. दोघं एकत्र बसले की मोठ्या हुद्द्याच्या माणसाची आठवण दुसऱ्याची होऊन जाते.

लढाईचा भाग

३,००० शब्दांत एकच लढाई. बाकीच्यांना एकेक वाक्य. लिहिण्याआधी स्वतः एक रेखाटन काढा: रस्ता, कालवा, गावं, उत्तर दिशा, आणि अंतर किलोमीटरमध्ये. आपला माणूस कुठे उभा होता आणि तिथून त्याला काय दिसू शकत होतं हे त्यावर दाखवता आलं नाही, तर त्या प्रसंगाची तयारी झालेली नाही.

असल उत्तर घ्या. ४ माउंटन डिव्हिजन खेमकरणच्या मागे घोड्याच्या नालेच्या आकारात बसली होती. शेतांत ऊस उभा होता, कालव्याचं पाणी सोडून जमीन चिखल केली होती. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे नव्या घडणीचे होते, डेक्कन हॉर्सचे शर्मन दुसऱ्या महायुद्धातले. लेफ्टनंट कर्नल वैद्य यांचं श्रेय समजायचं तर आधी ही जमीन आणि यंत्रांतला फरक वाचकापुढे यायला हवा. डिव्हिजनचा आराखडा मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या पातळीवरचा, शेजारी ब्रिगेडियर थिओगराज यांची चिलखती ब्रिगेड होती आणि तिच्यातल्या ३ कॅव्हलरी या पलटणीकडे सेंच्युरियन रणगाडे. सगळं श्रेय आपल्या नायकाच्या ओंजळीत घातलं की जाणकार वाचक तिथेच लेख खाली ठेवतो. कमांडिंग ऑफिसरने आपल्या तुकड्या कुठे लपवल्या, गोळीबार कधीपर्यंत रोखून धरला, हे त्याचं स्वतःचं. ते शोधा.

वेळेबाबत एक खबरदारी: पाकिस्तानी वृत्तान्तातलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असतं. दोन्हीकडची वर्णनं शेजारी ठेवण्याआधी ३० मिनिटं मिळवा. आणि रणगाड्यांचा आकडा देताना नष्ट झालेले, सोडून दिलेले आणि चालू स्थितीत पकडलेले यांतलं काय मोजलंय ते सांगा. भारतीय बाजूने नेहमी येणारा ९७ हा आकडा या सगळ्यांचा मिळून आहे.

वादाचे प्रसंग

वैद्य लष्करप्रमुख असताना जून १९८४ मध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात ऑपरेशन ब्लू स्टार ही लष्करी कारवाई झाली आणि निवृत्तीनंतर पुण्यात त्यांची हत्या झाली. पदकांची पानं भरून हे दोन ओळींत उरकणं म्हणजे त्या माणसावर अन्याय आहे. अशा वेळी आदेशाची साखळी मांडा: निर्णय इंदिरा गांधींच्या सरकारचा, लष्करप्रमुख वैद्य, पश्चिम विभागाचे प्रमुख सुंदरजी, प्रत्यक्ष कारवाईत मेजर जनरल ब्रार. प्रत्येक पायरीवर कोणाच्या हातात काय होतं एवढं लिहिलं की गौरव आणि दोष दोन्ही आपल्या जागी बसतात. ज्या शीख समाजाच्या श्रद्धास्थानी हे घडलं त्यांचं म्हणणंही त्यांच्याच शब्दांत यायला हवं.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये ते स्पष्ट आहे. कागद हाताशी असल्याशिवाय आरोप लिहू नका. खासगी पत्रं घरच्यांनी दिली तरी त्यांतल्या मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांकडे असतो. मोठा उतारा छापायचा तर त्यांची लेखी परवानगी घ्या.

मांडणी आणि तपासणी

बालपणाला ३०० शब्दांच्या वर देऊ नका, मधल्या सेवाकाळाला ८००, लढाईला ९००, वादाला ५००, निवृत्तीनंतरच्या वर्षांना उरलेले. राजकारणी किंवा समाजसुधारक असेल तर लढाईच्या जागी एक निर्णय घ्या: एखादं विधेयक, एखादा संप. बाकी पद्धत तीच.

पहिला खर्डा झाला की प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारा आणि वहीतली कुठली ओळ त्याला आधार देते ते समासात लिहा. आधार नसेल ते विशेषण काढा. अवतरणचिन्हांतलं प्रत्येक वाक्य सर्वांत आधी कुठे छापलं गेलं ते शोधा. माणूस गेल्यानंतर वीस वर्षांनी पहिल्यांदा दिसणारं वाक्य वगळा, कितीही चटकदार असलं तरी. मग खर्डा दोघांना वाचायला द्या: सैन्यातून निवृत्त झालेल्या एकाला हुद्दे-पलटणींसाठी, आणि कुटुंबातल्या एकाला फक्त नावं, नाती, तारखांसाठी. घरच्यांनी मत बदलायला सांगितलं तर ऐकून घ्या, वस्तुस्थिती चुकली असेल तेवढीच बदला.

छायाचित्राची ओळ सर्वांत शेवटी लिहिली जाते आणि म्हणून तिथेच चूक राहते. फोटोतल्या खांद्यावरची चिन्हं वहीतल्या हुद्द्याशी ताडून बघा. अशोकस्तंभ आणि दोन तारे म्हणजे कर्नल, अशोकस्तंभ आणि तीन तारे म्हणजे ब्रिगेडियर. वैद्य यांच्या फोटोखालची ओळ ‘१९६५ च्या युद्धात’ म्हणत असेल आणि खांद्यावर ब्रिगेडियरची चिन्हं असतील, तर फोटो त्या युद्धातला नाही.